वसतिशाळेच्या सामानाची यादी करणाऱ्यास

यादी करणाऱ्यास,

श्रीयुत किंवा श्रीमती असं काही आधी लावता आलं असतं, पण ते कोणाला लावायचं हे तुम्ही कळूच दिलेलं नाही. तीन पानांची यादी. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली ठळक टीप: यादीतली एक जरी वस्तू कमी असेल तर मुलाला वसतिगृहात घेतलं जाणार नाही. सही नाही, नाव नाही, हुद्दा नाही. मुलाच्या गंजीफ्रॉकवरसुद्धा नाव शिवून पाठवा म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या कागदावर नाव घालायचं टाळावं, याला माझ्याकडे भेकडपणा हा एकच शब्द आहे. पत्ता नाही म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी वसतिगृहाची अधीक्षिका होते. जूनमध्ये मुलांच्या पेट्या उघडायच्या आणि एप्रिलमध्ये बंद करून द्यायच्या, यातच माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे नात्यात किंवा शेजारी कोणाचं मूल निवासी शाळेत निघालं की यादी माझ्यापुढे येते. यंदा भाचीच्या मुलीची आली. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत जाणार. शाळा सह्याद्रीच्या माथ्यावर, नाव मोठं, फी त्याहून मोठी. भाची आणि जावई दोघं नोकरी करतात, कर्ज काढून मुलीला पाठवताहेत. त्यांनी यादी वाचली आणि गप्प बसले. मी गप्प बसणार नाही.

पांढऱ्या इलॅस्टिकच्या चादरी चार. पांढरे अभ्रे चार. टर्किश टॉवेल सहा. हातरुमाल बारा, मोज्यांचे जोड दहा, पांढऱ्या चड्ड्या दहा. काळे चामडी बूट दोन जोड, पांढरे कॅनव्हासचे दोन जोड, खेळायचे वेगळे. गणवेशाचे सहा संच, ब्लेझर दोन, हँगर बारा, बादल्या दोन, छत्तीस इंची पत्र्याची पेटी आणि शिवाय चाकांची बॅग. बुटाच्या पॉलिशच्या दोन डब्या. मरून रंगाचं ब्लँकेट, तेही तुम्ही नेमलेल्या दुकानातलंच.

आता हे सगळं ठेवायचं कुठे ते सांगा. प्रवेशाच्या दिवशी मी भाचीबरोबर आले होते आणि मुलीची खाट टेपने मोजली. लोखंडी खाट, सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. यादीतल्या चादरीचं माप सहा फूट बाय तीन फूट. अडीच फुटांच्या गादीवर तीन फुटांची इलॅस्टिकची चादर चढवली की सहा इंच कापड पाठीखाली गोळा होतं, आणि मूल रात्रभर त्या चुण्यांवर झोपतं. ज्या खाटेवर मुलं वर्षभर झोपणार ती खाट तुम्ही कधी मोजली नाही. पेटीचंही तेच. खाटेखाली पेटी सरकते, पण उघडायला पुरती बाहेर ओढावी लागते आणि तेव्हा शेजारच्या मुलीला पाय ठेवायला जागा उरत नाही. एका खोलीत अशा बारा पेट्या. सकाळी पावणेसहाला घंटा झाली की काय होत असेल याची कल्पना तुम्हाला नसेल, मला आहे. कपाटात एक फळी आणि एक दांडी, दांडीवर पाच हँगर दाटीवाटीने बसतात. उरलेल्या सात हँगरांचं मुलीने काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?

शाळा जूनमध्ये भरते. या डोंगररांगेत जून म्हणजे काय, हे इथे राहून पगार घेणाऱ्याला मी सांगायला नको होतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धुकं खोलीत शिरतं. भिंतींना ओल येते, चामड्याच्या बुटावर हिरवी बुरशी धरते, पत्र्याच्या पेटीच्या कडा तांबेरतात आणि त्या गंजाचे डाग तुमच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर उतरतात. अशा हवेत जाड टर्किश टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. वास मारतो. मग मूल शेजारच्या मुलीचा त्यातल्या त्यात कोरडा टॉवेल ओढतं.

इथे मला थांबायलाच हवं, कारण तुम्ही ज्याला टापटीप म्हणता त्याचा दुसरा भाग मी निस्तरला आहे. खरूज अशीच पसरते. एका अंथरुणात दोघी झोपल्या, टॉवेल आणि कपडे अदलाबदल झाले की किडा एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जातो. पहिल्यांदा लागण झालेल्या मुलीला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जूनमध्ये खोलीत आलेली खरूज जुलै उलटल्यावर दिसते आणि तोवर ती खोलीभर झालेली असते. मग सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायचं, सगळ्यांचं अंथरूण-पांघरूण एकाच दिवशी गरम पाण्यात धुवायचं, जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून काही दिवस बाजूला ठेवायचं, कारण माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. एकीला जरी औषध लावायचं राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून. भर पावसात बारा जणींची अंथरुणं एका दिवशी धुऊन वाळवणं म्हणजे काय, ते एकदा तुमच्या हातांनी करून बघा.

यावर उपाय महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारात टांगलेला असतो. पंचा. पातळ सुती, सकाळी धुतला तर संध्याकाळी कोरडा, पेटीत एका टॉवेलच्या जागेत चार मावतात, आणि टर्किश टॉवेलपेक्षा स्वस्त. तुमच्या यादीत पंचाचा उल्लेख आहे, नाही असं नाही. तो ‘आणू नये’ या सदरात आहे. कारण दिलेलं नाही. मी प्रवेशाच्या दिवशी विचारलं, तर कार्यालयातून उत्तर आलं की पंचे वाळत घातले की वसतिगृह बरं दिसत नाही. कोणाला बरं दिसत नाही? आत राहणाऱ्या मुलींना की वर्षातून एकदा माहितीपुस्तिकेसाठी फोटो काढायला येणाऱ्याला?

गणवेशाचे सहा संच, सगळे जूनमध्येच. अकरा-बारा वर्षांची मुलगी वाढीच्या भरात असते. त्या वयात एका वर्षात सात-आठ सेंटिमीटर उंची वाढणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. जूनमध्ये बेतलेला स्कर्ट दिवाळीनंतर आखूड होतो, ब्लेझरची बाही मनगटाच्या वर चढते. तीन संच जूनमध्ये आणि तीन दिवाळीच्या सुट्टीनंतर, असं लिहिलं असतं तर पैसे तेवढेच लागले असते आणि मुलगी वर्षभर मापाच्या कपड्यांत राहिली असती. दुसरा ब्लेझर कशाला, हे तर मला समजतच नाही. तो वार्षिक समारंभाला घालतात आणि बाकीचे दिवस पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असतो.

हे सगळं घ्यायचं एकाच दुकानातून. चादरीच्या कोपऱ्यावर बोटभर बोधचिन्ह विणलेलं आहे, म्हणून तीच चादर हवी. ब्लँकेटचा मरून रंग त्या दुकानाशिवाय कुठे मिळत नाही, कारण तो ठरवलाच त्यांनी आहे. तुमची शाळा केंद्रीय मंडळाशी संलग्न आहे. त्या सीबीएसईने एप्रिल २०१७ मध्ये परिपत्रक काढून संलग्न शाळांना पुस्तकं आणि गणवेश विकण्याचा धंदा बंद करायला आणि ठराविक विक्रेत्याची सक्ती न करायला सांगितलं होतं. राज्याचा शालेय शिक्षण विभागही हीच सक्ती करू नका म्हणून शाळांना सांगत आला आहे. ही परिपत्रकं तुमच्या कार्यालयात येत नाहीत असं होणार नाही. ती फायलीत जातात आणि दुकानाचा नकाशा मात्र यादीच्या तिसऱ्या पानावर छापला जातो. त्या दुकानाशी शाळेचा काय व्यवहार आहे, हे पालकसभेत उभं राहून सांगा. व्यवहार नसेल तर नकाशा काढून टाकायला तुम्हाला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

आता जे यादीत नाही त्याकडे येते. या पत्राचं खरं कारण तेच आहे.

पॉलिशच्या दोन डब्या लिहिणाऱ्या तुमच्या हाताने सॅनिटरी पॅड लिहिलेले नाहीत. यादी मुलींच्या वसतिगृहाची आहे. सहावीत आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींना पहिली पाळी वसतिगृहातच येते, घरापासून लांब आणि कधी कधी रात्री किंवा पहाटे. तुमच्या यादीप्रमाणे त्या मुलीकडे दहा चड्ड्या आहेत आणि दहाच्या दहा पांढऱ्या. अशा वेळी मुली काय करतात ते मी पाहिलं आहे. न्हाणीघरात कडी लावून बसतात. हातरुमालांच्या घड्या करतात. चादरीवरचा डाग उजाडायच्या आत थंड पाण्याने घासतात आणि ओली चादर परत गादीवर घालून शाळेत जातात. कार्यालयात पॅड ठेवलेले असतात, मागितले की मिळतात, असं उत्तर तुम्ही द्याल. कार्यालय साडेनऊला उघडतं. खिडकीत कारकून बसलेला असतो. अकरा वर्षांच्या मुलीने त्याच्याकडे जाऊन मागायचं, अशी तुमची व्यवस्था आहे. पॅडचं एक पाकीट, गडद रंगाच्या तीन-चार चड्ड्या, जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या आणि हे सगळं ठेवायला चेन असलेली लहान पिशवी: एवढं यादीत लिहा, आणि न्हाणीघरात झाकणाची कचरापेटी तुम्ही ठेवा. पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडल्यावर मुलीला ती पिशवी दिसली पाहिजे. आईने घरीच तिला सगळं समजावून दिलेलं असेल, कारण यादीत लिहिलेलं असलं की आई बोलते. नसलं की पुष्कळ घरांत अजूनही बोलणं पुढे ढकललं जातं.

मेणकापड नाही. अंथरूण ओलं करणारी मुलं सहावीतही असतात, नव्या जागी पहिल्या महिन्यात तर हमखास. गादीवर चादरीखाली मेणकापडाचा तुकडा असला की चादर बदलून भागतं, गादी वाळत घालावी लागत नाही आणि खोलीला कळत नाही. सगळ्यांच्याच यादीत मेणकापड घाला, म्हणजे कोणा एकीचं उघडं पडणार नाही. वसतिगृहात काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

सुई-दोरा नाही. नाव विणलेल्या कापडी पट्ट्या मात्र दोनशे. त्या दोनशे पट्ट्या कोण शिवतं माहीत आहे? भाचीने मे महिन्यातल्या रात्री ऑफिसातून आल्यावर एकेक मोजा हातात घेऊन त्या शिवल्या. पूर्वी धोबी बिब्ब्याच्या चिकाने कपड्याच्या आतल्या कडेला खूण घालायचा, ती कपडा फाटेपर्यंत जात नसे. बिब्बा कातडीला बाधतो, तो परत आणा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक मुलीला एक नंबर द्या आणि कपड्याच्या आत न जाणाऱ्या शाईने तो नंबर घालायला सांगा, एका संध्याकाळचं काम. बादलीवर मार्करने लिहिलेलं नाव महिन्यात पुसतं, तापवलेल्या सळईने कोरलेलं राहतं. ताट-वाटी-पेल्यावर तर भांड्यांच्या दुकानातच नाव घालून मिळतं. आणि बटण लावायला मुलीला घरी शिकवून पाठवा, असं एक वाक्य यादीत घाला. वसतिगृहात ते दर आठवड्याला लागतं.

राहिली गोधडी. ‘घरून गोधडी, वाकळ, रजई आणू नये.’ यामागे एकसारखेपणा हे कारण तुम्ही दिलं आहे. या एकाच ठिकाणी तुम्ही कारण दिलंत, म्हणून त्याचा विचार मी नीट केला. एकसारखेपणाला किंमत असते हे मला मान्य आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून मुलांना लष्करी शिस्तीसाठी घडवते आहे, तिथे अंथरूण एका रेषेत लावणं हा शिक्षणाचा भाग आहे. शिवाय जाड गोधडी पावसात धुऊन वाळवणं कठीण, हेही खरं. पण तुमच्या शाळेत मुलं सैन्यात जायला येत नाहीत, आणि तुम्ही गोधडीच्या जागी जे ब्लँकेट लिहिलंय ते अ‍ॅक्रिलिकचं आहे. त्याला गोळे येतात, घाम शोषत नाही आणि एका पावसाळ्यात कुबट होतं. एकसारखंच हवं असेल तर सोलापुरी चादर लिहा. सुती, जाड, दोन्ही बाजूंनी वापरता येते, वर्षानुवर्षं धुतली तरी टिकते. दोन एकावर एक घेतल्या की डिसेंबरची थंडीही निघते. दिवसा खाटेवर ती दिसू द्या, तुमचा फोटो बिघडणार नाही. आणि रात्री उशाशी आजीच्या जुन्या लुगड्याची एक पातळ गोधडी असू द्या. वसतिगृहात दिवे मालवल्यावर पहिले पंधरा दिवस कोणत्या खाटेवरून रडणं ऐकू येतं, मला माहीत आहे. डोक्यावरून घरचं पांघरूण ओढून घेतलेली मुलगी लवकर झोपते, हेही मी पुरेशा मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे.

वसतिगृहांच्या बाबतीत महाराष्ट्राला कोणाकडून शिकायला जावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना साने गुरुजी छात्रालय बघत आणि मुलं शाळेत गेली की त्यांची विस्कटलेली अंथरुणं आपल्या हातांनी आवरून ठेवत. त्या मुलांच्या वळकटीत काय होतं? एखादी घोंगडी, दोन कपडे, तांब्या. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, त्यांतलं एक अमरावतीला. तिथे राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं विनामूल्य, त्यामुळे शेतमजुराचं मूल परीक्षा देऊन आलं तर सामानापायी दारातून परत जात नाही. तुमची खाजगी शाळा आहे, फुकट द्या असं कोणी म्हणत नाही. पण जे मागता ते मुलीच्या उपयोगाचं असावं, एवढं मागायचा हक्क फी भरणाऱ्याला आहे. सगळे पालक मोटारीने येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. काही जण एसटीने येतात. छत्तीस इंची पेटी, चाकांची बॅग, वळकटी, दोन बादल्या आणि भेदरलेलं मूल घेऊन घाटातल्या स्टँडवर पावसात उतरतात. हमाल नसतो. वडील पेटी डोक्यावर घेतात, आई मुलीचा हात धरते, आणि बादल्या मुलगी उचलते. त्या कुटुंबाला तुमच्या फाटकावर चौकीदार यादी हातात घेऊन अडवतो आणि सामान जमिनीवर उतरवून मोजतो. ही मोजणी बंद करा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं याच वर्षी करा.

नवी यादी करायला बसाल तेव्हा वसतिगृहातल्या मेट्रनबाईंना, कपडे धुणाऱ्या माणसाला आणि आठवीतल्या दोन मुलींना बरोबर घ्या. यादी एका पानाची होईल. ती पालकांच्या हाती मार्चमध्ये पडू द्या, म्हणजे मे महिन्यात कोणाला उसने पैसे मागत फिरावं लागणार नाही. दुकानाचं नाव लिहू नका. माप लिहा, कापड लिहा, रंग लिहा, जो तो आपल्या गावात शोधेल. आणि खाली सही करा.

भाचीची मुलगी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे. तिच्या पेटीत गणवेशाचे तीन संच आहेत, एक ब्लेझर, चार पंचे, सुती चादरी दोन, त्याही खाटेच्या मापाच्या, मी स्वतः शिवलेल्या. सोलापुरी चादरी दोन. मेणकापड, सुई-दोरा, चेनची पिशवी आणि तिच्यात जे असायला हवं ते. सगळ्यात वर आजीची गोधडी. मरून ब्लँकेट नाही. तिला मी घेऊन येणार आहे. फाटकावर कोणाला अडवायचं असेल तर मुलीला आधी आत जेवायला पाठवा आणि मग माझ्याशी बोला. सगळं सामान मोजून होईपर्यंत मी तिथे उभी राहीन.

एक निवृत्त अधीक्षिका